डोंगरउतारावरील घर : जमिनीची पारख आणि तिची भाषा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• डोंगरउतार कशामुळे टिकून राहतो आणि कशामुळे निसटतो, हे सांगता येईल.
• कोसळणे, घसरणे, खचणे, सरकणे आणि वाहून येणे या क्रियापदांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• घरासाठी निवडलेल्या उताराची प्राथमिक पाहणी करता येईल.
• पाहणीतील निरीक्षणे नेमक्या मराठीत नोंदवता येतील आणि तज्ज्ञाकडे केव्हा जावे, हे ठरवता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, माहितीपर लेखनाचा अभ्यास करताना एखादा प्रत्यक्ष विषय हाती घेतल्याखेरीज त्या लेखनाचे मर्म उमगत नाही. म्हणून या घटकात आपण एक व्यावहारिक प्रश्न घेतला आहे : डोंगराच्या उतारावर किंवा पायथ्याशी घर बांधण्यापूर्वी ती जमीन स्थिर आहे की नाही, हे कसे ओळखावे? ‘घर पाहावे बांधून’ असे आपण म्हणतो. परंतु घर बांधून पाहण्याआधी जागा पाहावी लागते, आणि पाहिलेले शब्दांत मांडावे लागते.

वरणगाव, भुसावळ किंवा यावल परिसरातील विद्यार्थ्याच्या मनात येथे एक शंका येईल. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापीचे सपाट खोरे. अशा काळ्या जमिनीच्या मुलखात उताराची चिंता कशाला? या शंकेला तीन उत्तरे आहेत. पहिले असे की खानदेशालाही दरडी नवीन नाहीत. ऑगस्ट २०२१च्या अखेरीस चाळीसगाव परिसरात अतिवृष्टी झाली, तेव्हा कन्नडच्या घाटात, म्हणजे औट्रम घाटात, दरडी येऊन वाहतूक बंद पडली होती. दुसरे असे की उतार केवळ डोंगरालाच असतो असे नाही. तापी आणि पूर्णा यांच्या काठी गाळाचे जाड थर आहेत. पावसाच्या पाण्याने त्यांत खोल घळ्या पडल्या आहेत आणि त्या घळ्यांचे उभे काठ दर पावसाळ्यात ढासळतात. तिसरे उत्तर व्यवहारातले आहे. नोकरीसाठी आपली माणसे पुणे, नाशिक, ठाण्याकडे जातात आणि पुष्कळदा टेकडीच्या कुशीतला स्वस्त भूखंड घेतात. तो घेताना घरातील जो सदस्य कागद वाचू शकतो, त्याच्याकडे सारे पाहतात. अनेक घरांत ती व्यक्ती तुम्हीच असता.

२. एक नाम, पाच क्रियापदे

‘दरड’ हा शब्द ‘दरी’च्या कुळातला. नदीचा किंवा डोंगराचा उभा, तुटलेला काठ म्हणजे दरड. आज मात्र वृत्तपत्रांत डोंगरावरून जे जे खाली येते, ते सारे ‘दरड कोसळली’ या एकाच शब्दबंधात बसवले जाते. मराठीत या घटनांसाठी निरनिराळी क्रियापदे आहेत आणि प्रत्येक क्रियापद वेगळा धोका सांगते.

कोसळणे : उभ्या कड्यापासून खडक सुटतो आणि हवेतून खाली पडतो. येथे कड्यातील फटी तपासाव्या लागतात.

घसरणे : माती किंवा खडकाचा मोठा भाग एका निसरड्या पातळीवरून एकसंध खाली येतो. येथे ती पातळी कोठे आहे आणि तिच्यापर्यंत पाणी कसे पोहोचते, हा मुख्य प्रश्न असतो.

खचणे : जमीन जागच्या जागी खाली बसते. नव्या भरावावर बांधलेल्या घरांत हा प्रकार अधिक आढळतो.

सरकणे : उतारावरील माती वर्षानुवर्षे, डोळ्यांना न जाणवेल अशा संथ गतीने खाली येत राहते. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे थोड्या उतारावरही ती सरकते.

वाहून येणे : पाण्याने भरलेली माती, दगड व झाडे यांचा लोंढा घळीतून वेगाने येतो. घळीच्या मुखाशी असलेल्या घराला येथे कोणतीही साधी भिंत वाचवू शकत नाही. जागा बदलणे हाच उपाय.

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातले माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मातीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथेही ‘दरड कोसळली’ असेच छापून आले. प्रत्यक्षात कड्यावरून सुटलेला तो खडक नव्हता. पावसाने चिंब झालेला मातीचा उतार घसरला आणि चिखल-दगडांचा लोंढा होऊन गावावर आला. हा भेद केवळ शब्दांचा नाही. ‘कोसळणे’ एवढेच मनात असलेला माणूस माथ्यावरच्या कड्याकडे पाहतो, कडा दिसला नाही की निश्चिंत होतो, आणि घरामागच्या गवताळ, सौम्य दिसणाऱ्या उताराकडे पाहतच नाही.

३. उतार का टिकतो आणि का निसटतो?

खळ्यावर ज्वारीची रास पाहा. वरून दाणे ओतत गेलो तर रास उंच होते, पण तिच्या कडेचा चढ एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. त्यानंतर पडणारे दाणे घरंगळून खाली येतात. त्या मर्यादेच्या कोनाला विश्रामकोन म्हणतात. डोंगरावरची सुटी मातीही याच नियमाने वागते. तिच्यावर दोन शक्तींची ओढाताण सतत चालू असते. मातीचे वजन तिला उताराच्या दिशेने खाली ओढते. कणांमधील घर्षण आणि चिकटपणा तिला धरून ठेवतात. धरून ठेवणाऱ्या बलाला ओढणाऱ्या बलाने भागले की जो आकडा मिळतो, त्याला सुरक्षा गुणांक म्हणतात. तो १ पेक्षा कमी झाला की उतार निसटतो. घरांसारख्या कायम वस्तीच्या बांधकामासाठी तो साधारणपणे १.५ असावा, अशी अभियंत्यांची अपेक्षा असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मे महिन्यात एखाद्या उतारावर धरणारे बल १२० आणि ओढणारे बल १०० असेल, तर गुणांक १.२ येतो. उतार उभा आहे, परंतु हाताशी फारसे काही शिल्लक नाही. जुलैत सलग पाऊस पडतो. पाण्याने माती जड होते व ओढणारे बल १०५ होते. त्याच वेळी कणांमधल्या पोकळ्यांत भरलेले पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटते, घर्षण घटते आणि धरणारे बल ९० वर येते. आता गुणांक ०.८६ झाला. डोंगर तोच, चढ तोच, माणसे तीच. बदलले ते केवळ पाणी.

या घटकाचा गाभा येथेच आहे. उताराच्या स्थैर्याचा प्रश्न हा मुख्यतः पाण्याचा प्रश्न आहे. म्हणून उन्हाळ्यात, पाचोळा वाजत असताना, पाहिलेला भूखंड हा अर्धाच पाहिलेला भूखंड होय.

४. आपल्या डोंगरांची घडण

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्ट या काळ्या खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून हे पठार घडले. अजिंठ्याच्या लेण्यांपाशी वाघूर नदीच्या वळणावर उभे राहिलात, तर समोरच्या कड्यात हे थर पायऱ्यांसारखे दिसतील. कठीण, घट्ट थराच्या मध्ये कोठे सच्छिद्र, झिजलेला थर आहे, तर कोठे तांबूस मातकट पट्टा आहे.

पावसाचे पाणी कठीण खडकातील फटींतून खाली उतरते. चिकणमातीसारख्या तांबूस पट्ट्याशी ते अडते आणि आडवे वळून उताराच्या पृष्ठभागावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे डोंगराच्या अंगावर ठरावीक उंचीवर झऱ्यांची आणि अधिक हिरव्या गवताची ओळ दिसते. त्या ओळीवर किंवा तिच्या लगेच खाली घर बांधणे म्हणजे डोंगराच्या आत साठणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बसणे. झऱ्याच्या सोयीने माणूस तेथे वस्ती करतो, हे स्वाभाविकच. परंतु सोय आणि धोका येथे एकाच जागी नांदतात.

जुन्या गावगाड्याच्या मराठीने जमिनीची एक वाटणी केली होती. शेताच्या जमिनीला काळी म्हणत आणि गावठाणाच्या जागेला पांढरी. पिकाला चांगली ती जमीन घराला चांगली असतेच असे नाही, ही समज त्या दोन विशेषणांत साठवलेली आहे. बिगरशेतीच्या कागदावर शिक्का उमटला म्हणून काळी जमीन पांढरी होत नाही.

५. माणसाचा हात

निसर्गतः टिकून असलेला उतार माणूस तीन रीतींनी कमकुवत करतो.

पहिली रीत म्हणजे पायथा खोदणे. सपाट जागा मिळावी म्हणून यंत्राने उताराचा खालचा भाग कापला जातो. राशीच्या तळाचे दाणे काढले की वरचे खाली येतात, हे खळ्यावर मूलही जाणते. परंतु भूखंड पाडताना त्याचा विसर पडतो.

दुसरी रीत म्हणजे भराव. कापलेली माती पुढच्या बाजूला टाकून घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर उभा करतात. मूळ जमीन बसत नाही आणि भराव बसतो; मग घराला मधोमध तडा जातो. माळीणच्या आपद्ग्रस्तांचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले व २०१७ मध्ये त्यांना नवी घरे मिळाली. त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात नव्या गावठाणातील भराव खचल्याच्या आणि तडे गेल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. घरे पक्की असणे आणि घराखालची जमीन पक्की असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानी येईल.

तिसरी रीत सर्वांत कमी लक्षात येणारी, म्हणजे सांडपाणी. शोषखड्डा, गळकी टाकी, परसबागेचे पाणी आणि छपरावरून पडणारी पागोळी हे सारे उतारात मुरते. पाऊस चार महिने पडतो. शोषखड्डा बारा महिने पाणी मुरवतो. आधारभिंतीला पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवली नाहीत, तर तीच भिंत धरणासारखी पाणी साठवते आणि पुढे ढकलली जाते.

६. प्रत्यक्ष पाहणी

पाहणीला किमान दोनदा जावे : एकदा मे महिन्यात, जेव्हा गवत नसते व जमिनीचा आकार दिसतो, आणि एकदा सलग पावसानंतर, उघडीप मिळाल्यावर, दिवसाउजेडी. मुसळधार पाऊस सुरू असताना उतारावर जाऊ नये. पाहणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

(अ) विचारणे. शेजारच्या वस्तीतील वडीलधाऱ्यांना, गुरे चारणाऱ्यांना विचारावे. ‘येथे धोका आहे का?’ असे विचारू नये. उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. ‘कोणत्या वर्षी माती खाली आली होती? पावसाळ्यात पाणी कोठून फुटते? ही जागा आजवर रिकामी का राहिली?’ असे विचारावे.

(आ) वर पाहणे. केवळ भूखंड नव्हे, तर त्याच्या वरचा संपूर्ण उतार माथ्यापर्यंत पाहावा. घराला धोका बहुधा स्वतःच्या जमिनीतून नव्हे, वरच्या दुसऱ्या कोणाच्या जमिनीतून येतो. माथ्याजवळ चंद्रकोरीसारखी वाकलेली भेग, पायरीसारखी खाली बसलेली जमीन किंवा सुटे प्रचंड दगड दिसतात का, ते पाहावे.

(इ) उतारावरील खुणा पाहणे. तळाशी वाकून मग सरळ वाढलेली झाडे, कललेले खांब व कुंपण, पोट सुटल्यासारखी पुढे फुगलेली बांधाची भिंत, लाटांसारखी उंचसखल जमीन या सरकण्याच्या खुणा होत. जुना झरा एकाएकी आटणे, नव्या जागी पाणी फुटणे किंवा स्वच्छ झऱ्याला गढूळ पाणी येणे, या तातडीच्या खुणा समजाव्यात.

(ई) घळीचे मुख पाहणे. घळ जेथे सपाटीला मिळते, तेथे दगडमातीचा पंख्यासारखा पसरलेला थर असतो. ती जागा सपाट, पाण्याची सोय असलेली आणि म्हणूनच मोहक असते. परंतु तो थर पूर्वीच्या लोंढ्यांनी आणलेला असतो. जेथे लोंढा पूर्वी आला, तेथे पुन्हा येऊ शकतो.

(उ) चढ मोजणे. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि मोजपट्टी पुरते. आडवे ५ मीटर अंतर गेल्यावर जमीन १ मीटर उतरत असेल, तर चढ १:५ झाला, म्हणजे सुमारे ११ अंश. २ मीटरला १ मीटर उतरत असेल, तर सुमारे २७ अंश. महाराष्ट्रातील नगररचनेच्या नियमांत १:५ पेक्षा अधिक चढाच्या डोंगरउतारावरील बांधकामावर निर्बंध आहेत. तुमचे मोजमाप या मर्यादेच्या आसपास आले, तरी पुढचा व्यवहार थांबवून चौकशी करावी.

(ऊ) खड्डा घेणे. मालकाच्या परवानगीने घराच्या नियोजित जागी पुरुषभर खोल खड्डा घ्यावा आणि माती, मुरूम, खडक कोणत्या खोलीवर लागतात ते पाहावे. मातीत विटांचे तुकडे, प्लास्टिक किंवा कुजका पाला सापडला, तर ती मूळ जमीन नसून भराव आहे. खड्ड्यात एकटे उतरू नये आणि पावसाळ्यात मुळीच उतरू नये.

७. नोंदीची भाषा

पाहिलेले नेमके लिहिले नाही, तर ते दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. पुढील दोन नोंदी ताडून पाहा. त्या सरावासाठी रचलेल्या आहेत.

पहिली नोंद : ‘घरामागचा डोंगर फार धोकादायक वाटतो. तेथे मोठमोठ्या भेगा पडल्या आहेत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’

दुसरी नोंद : ‘घराच्या मागील भिंतीपासून वर ३० पावलांवर पूर्व-पश्चिम भेग आहे. लांबी सुमारे २० पावले. २ जुलै रोजी रुंदी दोन बोटे होती, ९ जुलै रोजी चार बोटे आहे. भेगेखालची जमीन वरच्या जमिनीपेक्षा वीतभर खाली बसली आहे. भेगेखाली, घराच्या बाजूला, ५ जुलैपासून गढूळ पाणी पाझरते आहे.’

पहिल्या नोंदीत विशेषणे आहेत. दुसऱ्या नोंदीत स्थान, दिशा, माप, तारीख आणि बदल आहे. ‘फार’, ‘मोठमोठ्या’, ‘योग्य ती’ हे शब्द लिहिणाऱ्याची भीती सांगतात, जमिनीची स्थिती सांगत नाहीत. दुसरी नोंद वाचणारा अभियंता जागेवर न येताही समजू शकतो की भेग रुंदावते आहे आणि वस्ती त्वरित हलवायला हवी. मोजपट्टी नसली तरी पाऊल, वीत, बोट ही मापे चालतात. मात्र दोन्ही वेळा माप एकाच माणसाच्या हाताने घ्यावे. ‘आहे’ आणि ‘झाले आहे’ यांतील भेदही जपावा. ‘खांब कललेला आहे’ ही स्थिती होय. ‘खांब गेल्या पावसाळ्यानंतर कलला’ ही घटना होय, आणि इशारा घटनेत असतो.

नोंद असूनही ती वाचली गेली नाही, तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण वेल्समधील अॅबरफॅन या खाणगावाचे आहे. तेथे कोळसाखाणीतील टाकाऊ मालाचा प्रचंड ढीग डोंगरावर रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी तो निसटून शाळेवर व घरांवर आला. १४४ जण मरण पावले, त्यांत ११६ मुले होती. ढीग ज्या जागी रचला होता तेथे झरे होते आणि ते झरे नकाशावर दाखवलेलेही होते. ज्ञान कागदावर होते. ते निर्णयापर्यंत पोहोचले नाही.

८. तज्ज्ञ, नकाशे आणि त्यांच्या मर्यादा

आपली पाहणी ही नकार देण्यासाठी पुरेशी असते. होकार देण्यासाठी नसते. धोक्याची एक ठळक खूण सापडली, तर ती जागा सोडून द्यावी. एकही खूण सापडली नाही, तरी मातीची ताकद, भूजलाची पातळी आणि सुरक्षा गुणांक या बाबी भूतांत्रिक अभियंता किंवा भूवैज्ञानिक यांच्याकडूनच तपासून घ्याव्यात. घराच्या एकूण खर्चाच्या मानाने हा खर्च लहान असतो आणि तो पायाच्या आधी करावयाचा असतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने देशातील दरडप्रवण प्रदेशांचे १:५०,००० प्रमाणावर नकाशे तयार केले आहेत. ते अवश्य पाहावेत. परंतु या प्रमाणात नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. तुमचा भूखंड त्यात टिंबाएवढाही दिसत नाही. नकाशा परिसराविषयी सांगतो, भूखंडाविषयी नाही. याद्यांचेही तसेच. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी १९ जुलै २०२३च्या रात्री मातीखाली गेली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे त्यानंतर शासनाने विधिमंडळात सांगितले. ‘यादीत नाही’ या वाक्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा होत नाही, तर ‘धोक्याची नोंद झालेली नाही’ एवढाच होतो.

आधीच उतारावर राहत असाल आणि पावसाळ्यात भेग, गढूळ झरा, दारे-खिडक्या एकाएकी घट्ट बसणे किंवा जमिनीतून घरघर ऐकू येणे यांपैकी काही आढळले, तर नोंद लिहीत बसू नये. आधी माणसे व गुरे उताराच्या वाटेतून आडवी, बाजूला हलवावीत. मग ग्रामपंचायत, तलाठी किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर कळवावे.

सारांश

उतारावर ओढणारे आणि धरणारे अशी दोन बले असतात. पाणी पहिले वाढवते आणि दुसरे घटवते. बेसॉल्टच्या थरांमुळे हे पाणी ठरावीक ठिकाणी बाहेर पडते आणि त्याच्या खुणा आधीपासून दिसतात. पायथा खोदणे, भराव टाकणे आणि सांडपाणी मुरवणे यांनी धोका वाढतो. पाहणी दोन ऋतूंत करावी, नोंद स्थान-माप-तारखेसह करावी, आणि होकार तज्ज्ञाकडून घ्यावा. मराठीतील पाच क्रियापदे पाच वेगळे धोके दाखवतात. ती जपून वापरणे हा या विषयात सुरक्षिततेचा भाग आहे.

पारिभाषिक शब्द

विश्रामकोन : सुट्या पदार्थाची रास ज्या कमाल कोनात टिकते तो कोन.
सुरक्षा गुणांक : धरणारे बल भागिले ओढणारे बल.
भराव : दुसरीकडून आणून टाकलेली माती.
आधारभिंत : उताराची माती थोपवण्यासाठी बांधलेली भिंत.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘घसरणे’ आणि ‘वाहून येणे’ यांतील भेद सांगून प्रत्येक वेळी घराची जागा निवडताना काय पाहावे, ते लिहा.
२. ‘उताराचा प्रश्न हा मुख्यतः पाण्याचा प्रश्न आहे’ हे विधान सुरक्षा गुणांकाच्या आधारे स्पष्ट करा.
३. ‘आपली पाहणी नकार देण्यासाठी पुरेशी असते, होकार देण्यासाठी नसते’ या विधानाचा आशय सांगा.
४. दरडविषयक तीन बातम्या जमवा. प्रत्येकीत वापरलेले क्रियापद घटनेला अनुरूप आहे का, ते कारणासह लिहा.

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावाजवळील नाल्याचा, नदीचा किंवा टेकडीचा एक उतार सुरक्षित अंतरावरून दोनदा, किमान पंधरा दिवसांच्या अंतराने पाहा. विशेषण न वापरता प्रत्येक वेळी आठ ओळींची नोंद करा. दोन्ही नोंदी ज्याने ती जागा पाहिलेली नाही अशा व्यक्तीला वाचायला द्या आणि मधल्या काळात काय बदलले, ते तिला सांगायला लावा. तिला ते सांगता आले नाही, तर नोंदीत कोणते माप राहून गेले, ते शोधा व नोंद पुन्हा लिहा.